शिखराची सावली

तंजावरच्या थोरल्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. तंगय्यन गाइड हे सत्य एकवीस वर्षं पर्यटकांना सांगत होता. आणि सांगताना, चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्यांचे अनवाणी पाय पोळू नयेत म्हणून, त्यांना त्या सावलीतच उभं करत होता. पाय निवले की माणूस वाद घालत नाही, हा धंद्याचा अनुभव.

या वर्षी परवान्यांच्या तपासणीला वासुगी मॅडम आल्या. त्या भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी. होत्या आणि ही गोष्ट त्यांनी कुणापासून लपवली नव्हती. त्यांनी बजावलं, की दुपारी साडेतीनला चार लोकांसमोर सावली दाखवायची आणि आजवर खोटं सांगितलं हे कबूल करायचं; नाहीतर परवाना गेला. तंगय्यनला दुसरं काहीच येत नव्हतं. त्यानं माफीचं वाक्य पाठ केलं.

साडेतीनला कारैकुडीच्या बायकांचा घोळका मागे घेऊन तो नेहमीच्या जागी जाऊन थांबला.

सावली नव्हती.

नंदीमंडपाची होती. भिंतीची होती. मॅडमच्या छत्रीची होती. एका कावळ्याची फरशीवरून सरकत गेली. शिखराच्या वाटणीला नुसतं पांढरंफेक ऊन.

मॅडमनी ढगाचं कारण दिलं. ढग नव्हता. त्यांनी सूर्य पाहिला, शिखर पाहिलं, जमीन पाहिली. मग छत्री मिटली.

"तंगय्यन, काय केलंत तुम्ही?"

"मी? मी तर माफी मागायला आलो होतो, मॅडम."

पण बायकांनी एव्हाना हात जोडले होते, आधी शिखराला, मग त्याला. तंगय्यनचा आवाज चढला. एकवीस वर्षांत प्रथमच तो खरं बोलत होता, आणि ते त्याला शोभत होतं. मॅडमनी उभ्या उभ्या तीन वर्षांच्या परवान्यावर सही केली. आजवर त्याला थापाड्या म्हणणाऱ्या बाकीच्या गाइडांनी त्याच्या गळ्यात मोगऱ्याचा हार घातला आणि त्याला दोन वेळा उचललं.

दुसऱ्यांदा खाली ठेवल्यावर एका म्हातारीनं त्याची बाही ओढली.

"बाबा रे, इथं ऊनच आहे ना?"

"ऊनच आहे, अम्मा."

"मग फरशी अशी गार कशी?"

त्यानं खाली पाहिलं. उन्हात त्याची बोटं लख्ख दिसत होती. तळव्यांखालचा दगड विहिरीच्या तळासारखा होता.



सावली पुन्हा पडली नाही. फरशी मात्र रोज थोडी अधिक गार होत गेली. रविवारपर्यंत तिथं उभं राहवेना, आणि दुपारची फेरी बंद झाली.