कलावतीबाईंनी फोन उचलला

ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या बाबतीत घडलेलं सांगते आहे.

मी कीर्तनात रमणारी बाई. बुवांनी निरूपणात सांगितलेलं घरी येऊन पाळायची धडपड करते. खोटं लिहिलं ते आयुष्यात एकदाच. त्याचंच हे.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. मंगळवार, दुपारचे सव्वातीन. रायपुरातल्या एका दवाखान्याची नोंदणीची खोली.

आमच्याकडे यकृतात जंतांच्या गाठी झालेले, आजार फार पुढे गेलेले रुग्ण येतात. वय, रक्ताचे रिपोर्ट, कावीळ, पोटात साचलेलं पाणी, सगळं संगणकात भरायचं. पाच वर्षांत जिवाला किती धोका, तो आकडा येतो. जास्त आला की डॉक्टर आठवड्यात बोलावतात. कमी आला, तर सहा महिन्यांनी मी फोन करते.

नियम एकच. रुग्णाचा स्वतःचा आवाज ऐकला, की ‘जिवंत’वर खूण.

त्या यादीत माझे सख्खे दिवाकरमामाही होते. जानेवारीत फॉर्म भरताना म्हणाले, "उल्के, पोरीचं, इरावतीचं लग्न तोंडावर आलंय. पोटातलं पाणी आत्ता लिहू नकोस गं. भरती करून टाकतील मला."

मी लिहिलं, ‘पाणी नाही.’

आकडा एकदम खाली आला. मामा हसले. "बघ, तुझा संगणकही लग्नाला येतो म्हणतोय!"

त्या मंगळवारी यादीत पुढचं नाव होतं गुढियारी मोहल्ल्यातल्या कलावतीबाईंचं. पूर्वी तपासणीच्या रांगेत मामांच्या शेजारी बसायच्या.

रिंग गेली. एकदा... दोनदा...

उचलला.

पलीकडे काहीच नाही. रस्ता नाही, पंखा नाही... श्वाससुद्धा नाही.

"कलावतीबाई? बऱ्या आहात ना?"

"हव बाई. आता दुखत नाही."

मी खूण केली.

"तुह्या मामाचं पाणी काहून नाही लिवलं वो?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं...

"तू लग्न पाहून राहिली. मी त्याले पाहून राहिली."

फोन कटला नाही. शेवटी मीच ठेवला.

पाच वाजता गुढियारी गाठली. दारात त्यांची सून, सोनिया.

"अम्मा? दीदी, अम्मा को गए चार महीने हो गए."

"और उनका फोन?"

तिनं पेटीतून काढून दिला. मागचं झाकण नव्हतं.

आत बॅटरीही नव्हती...

"फूल गई थी, फेंक दी. सिम भी तभी निकाल दी."

तिच्या दारातूनच मी डॉक्टरांना फोन लावला. सगळं कबूल केलं. नवा आकडा किती आला, ते इथे लिहवत नाही. संध्याकाळीच मामांना भरती केलं. गाठ फुटायच्या बेतात होती. लग्न पुढे गेलं. मामी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

पण मामा वाचले.

मी मात्र सुटले नाही. माझ्या यादीत एकशे चौदा जणांपुढे ‘जिवंत’ची खूण आहे. त्या सगळ्या खुणा फोनवर आवाज ऐकून केलेल्या. त्यातल्या कितीजणांना मी डोळ्यांनी पाहिलंय?

आज मामांची पाळी होती. ते आठवडाभर नागपूरला, इरावतीच्या सासरी आहेत.

रिंग गेली... उचलला.

"बोल गं उल्के. मी अगदी मजेत!"

आवाज त्यांचाच.

"मामा, शेजारी कोण आहे? त्यांना द्या ना जरा."

"इथे कोणीच नाही गं..."

तासाभरापासून इरावतीला फोन लावते आहे. ती उचलत नाही.

मामांच्या नावापुढचा चौकोन मी अजून भरलेला नाही.