भयशेष

रुग्णालयाच्या पाचव्या मजल्यावर आता मुले हसत येत. रक्ताच्या आजाराची ही मुले दर काही आठवड्यांनी पुन्हा दाखल होत, पाठीच्या कण्यात सुई टोचून घेत. तरी लिफ्टमधून उतरताच ती खेळांच्या खोलीकडे धावत, कारण मागच्या खेपेचे त्यांना काही आठवतच नसे. ही विस्मरिकेची करामत. उपचारांनंतर हे औषध दिले की त्या दिवसांची आठवण धुऊन निघे. प्रत्येक सुई पहिलीच.

त्यांतलीच सहा वर्षांची जुईली मात्र घरी बिघडली होती. आई, नंदिता, वेणी घालायला जवळ आली की तिचे अंग लाकडासारखे ताठ होई. परवा तर आई घास भरवायला बसली आणि पोरीने चड्डी ओली केली.

"अगं, मी काय केलं तुला?"

"माहीत नाही," जुईली रडत म्हणाली. "पण तू जा ना."

नंदिता नवऱ्याला, हेरंबला, घेऊन डॉक्टरांकडे गेली. "औषधात काही खोट आहे का हो?"

"नाही. आठवण जाते, भीती जात नाही," डॉ. गोसावी म्हणाल्या. "मेंदूत दोन्ही वेगवेगळ्या जागी राहतात. काय झालं ते पुसलं जातं, पण अंग घाबरलं होतं एवढं उरतं. त्याला आम्ही भयशेष म्हणतो. तो अधांतरी राहत नाही, त्याला टांगायला खुंटी लागते. दर वेळी जे समोर असतं ते. म्हणून तर आम्ही खोल्या बदलतो, नर्स बदलतो. सोबतीचं माणूसही बदला, असं सांगितलं होतं ना?"

सांगितले होते. नणंद सुमेधा तर मागेच लागली होती, "वहिनी, एक पाळी मला द्या की! आत्या आहे मी तिची, कुणी परकी नाही." नंदिताने कुणालाच पाळी दिली नाही. आजारी लेकराजवळ आईच बसते, त्यात विचारायचे काय?

"मग औषध बंद करा. सुईच्या वेळी मी तिला का धरून ठेवलं, तेही आठवू दे तिला."

"औषध नव्हतं तेव्हाची मुलं मी पाहिली आहेत. दाराची चौकट सोडत नसत. आईबाप उपचार अर्धवट टाकून घरी नेत. त्यातली फारशी वाचली नाहीत."

"मी बसतो उरलेल्या खेपांना," हेरंब म्हणाला.

"बसा. पण त्यानं आईची खुंटी निघणार नाही. दुसरी ठोकली जाईल, इतकंच."

"नंदू, वाटून घेऊ आपण."

"वाटून? दोघांनाही भिऊ लागली, तर झोपेत दचकून उठल्यावर कुणाच्या कुशीत शिरेल ती? भिंतीच्या?" नंदिता डॉक्टरांकडे वळली. "बरी झाल्यावर तरी जाईल ना हे?"

डॉक्टर म्हणाल्या, "बहुतेक नाही."

पुढच्या खेपेला नंदिता वेगळ्या रिक्षाने आली. खेळांच्या खोलीत जुईली बाबांच्या मांडीवर बसून त्यांच्या नाकाला रंग लावत होती. दारात आई दिसली आणि तिने बाबांच्या शर्टाला मिठी घातली.

"बाबा, ती नको! बाबा, मी शहाण्यासारखी वागेन!"

हेरंबचे हात सुटेनात.

"दे तिला," नंदिता म्हणाली. "सुईच्या वेळी तुझा स्पर्श नको तिच्या अंगाला. सोड म्हणते ना!"

शर्टावरचे तिचे एकेक बोट सोडवून त्याने पोर तिच्या हाती दिली आणि तो बाहेर गेला. नंदिताने लेकीला घट्ट धरले. जुईली किंचाळत होती. ट्रेमधली सुई अजून झाकलेलीच होती.