उजव्या डोळ्यातली जिलबी

डोळ्यात थेंब टाकून बाकावर बसवलेला माणूस एकदम गरीब होतो. मग तो बुलेटवरनं आलेला बागायतदार असो, नाहीतर मिशीवाला सुभेदार. समोरचं पुसट दिसतं, मोबाईल वाचता येत नाही, आणि माझ्यासारखीनं "हनुवटी इथं टेका, हलायचं नाही" म्हणून दरडावलं तरी मुकाट्यानं ऐकतो. सांगलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी हेच काम करते. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढायचे. परवापर्यंत इस्लामपूरहून एसटीनं यायचं, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत आतवर बघायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापायच्या.

पडद्यावर एक पिवळसर चकती असते आणि तिच्यातून चारी अंगांनी फाटे फुटत गेलेल्या लाल शिरा. अंगठ्याच्या ठशासारखं हेही प्रत्येकाचं वेगळं. एका आईच्या पोटच्या दोन पोरींचंसुद्धा जुळत नाही. ही ऐकीव गोष्ट नाही, मी स्वतः काढून बघितलंय.

मशीन नवीन आलं तेव्हा हात बसावा म्हणून मी घरच्यांनाच धरून आणलं होतं. माझी धाकटी बहीण पूजा रहिमतपूरहून आली. तिच्या उजव्या डोळ्यात चकतीजवळ एका शिरेनं गोल वेटोळं घातलेलं. जन्मजात असतं असं कुणाकुणाला, अपाय काही नसतो. मी म्हटलं, "पूजे, तुझ्या डोळ्यात जिलबी हाय गं!"

"आन बगू तुजा फोटू, संयूताई," ती म्हणाली. माझ्या डाव्या डोळ्यात दोन शिरा एकमेकींवरून आडव्या गेलेल्या. "आन तुज्या डोळ्यात कात्री! जीभ कमी पडत हुती व्हय?"

माझा नवरा जयराज शेजारी पोट धरून हसत होता. त्याचेही फोटो काढले. दोन्ही डोळ्यांत साध्या, सरळ शिरा. "दाजी सरळमार्गी मानूस," पूजा म्हणाली. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथं करणार नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मला लागण झाली आणि मी सांगलीत दवाखान्यात पडले. जयराज मळ्यातल्या घरात एकटा, म्हणून पूजा त्याला करून घालायला आली. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरगी, रोज पहाटे पळणारी. पळताना वेळ बघायला मी तिला काळ्या पट्ट्याचं घड्याळ घेऊन दिलं होतं, ते अंघोळीलासुद्धा काढायची नाही. आठवडाभरात दोघंही आडवी झाली. बेड कुठंच मिळेना. जयराजच्या मित्रांनी खटपट करून ऑक्सिजनचं एक मशीन मळ्यात पोचवलं. एकच. पूजाचा श्वास जास्त अडकत होता, म्हणून ते तिच्या खोलीत लावलं.

मी बरी होऊन घरी आले तेव्हा जयराज होता आणि पूजा नव्हती.

"तिनं सवताच्या नाकातली नळी काढून माज्या नाकाला लावली गं," तो ढसाढसा रडत म्हणाला. "म्हनली, माज्या ताईचं कुंकू ऱ्हाऊ दे."

हे वाक्य मी आईला सांगितलं. आईनं अख्ख्या रहिमतपूरला सांगितलं. मला बाई त्या वाक्याचाच आधार झाला. बहिणीनं जीव देऊन राखलेला माणूस, मग त्याला मी कसा जपायचा? तळहातावरच्या फोडासारखा जपला. त्याच्या ताटात कधी गार भाकरी पडू दिली नाही. पूजाच्या फोटोला हार घालताना तो डोळे पुसायचा, आणि मी त्याचीच समजूत काढायची.

गेल्या दिवाळीनंतर त्याला उजव्या डोळ्यानं अंधूक दिसायला लागलं. "कचरा गेला आसंल," म्हणाला. पण तो डोळा तो सारखा मिटून ठेवायला लागला. जेवताना मिटलेला, टीव्ही बघताना मिटलेला. शेवटी मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

आमच्या डॉक्टरांनी, सुकुमार सरांनी, तपासलं. "एक बारीक शीर तुंबलीय. कोविड होऊन गेलेल्या काही लोकांत असं बघितलंय. शिरा फुगतात, वाकड्यातिकड्या होतात. त्याच्यामुळंच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येत. फोटो काढून घ्या."

मी काढला. संगणकावर चित्र उमटलं. चकतीजवळ जिलबी होती.

आधी मला माझाच राग आला. चुकून जुना फोटो उघडला असणार. नाव बघितलं, जयराज. तारीख आजची. पुन्हा काढला, पुन्हा जिलबी. मग पूजाचा जुना फोटो शेजारी लावला. फाटा न् फाटा तोच. जयराजचा स्वतःचा जुना फोटो लावला, तर तो कुणा परक्याचा वाटत होता. डावा डोळा मात्र त्याचाच होता, साधा आणि सरळ.

"तेव्हा नावांची अदलाबदल झाली असेल," सर म्हणाले. "शिवाय सुजलेली शीर वेटोळं घेतेच की."

बरोबर असेल त्यांचं. मी मान डोलावली. पण शीर सुजते ती आपल्या जागेवर. दुसऱ्याच्या घरात जाऊन बिऱ्हाड नाही करत.

डोळ्यात औषधाची सुई द्यायचं ठरलं, त्याआधी त्याची नजर तपासायची होती. मी त्याला अक्षरांच्या बोर्डासमोर बसवलं आणि डावा डोळा झाकला.

"वाचा."

त्यानं बोर्डाच्या वर कुठंतरी बघितलं.

"आवं, वाचा की. सगळ्यात वरचं तर मोठं हाय."

"बोर्ड दिसत न्हाई."

"मग काय दिसतंय?"

"पत्रा," तो म्हणाला. मग हळूच, "पत्र्याला पंखा हाय." आणि त्यानं माझा हात झटकून टाकला. सुई न घेताच तो बाहेर गेला आणि चहाच्या गाड्यापाशी उभा राहिला.

आमच्या दवाखान्यात पत्रा नाही. पत्र्याचं छत आमच्या मळ्यातल्या मागच्या खोलीला आहे. तिथं एक पंखा आहे, त्याचं एक पातं वाकडं. पूजाची खाट त्याच्याच खाली होती. जयराज पुढच्या सोप्यात, ओसरीवर, झोपायचा. आजारपणात तो स्वतः त्या खोलीत कधी आडवा झाला नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

पूजा गेल्यावर आम्ही गावात राहायला गेलो होतो; रविवारी दुपारी मी त्याला मळ्यातल्या त्या बंद घरात नेलं. ऊस डोक्याच्या वर गेला होता, वारं पडलं होतं. सोप्यात त्याला खुर्चीवर बसवलं, मागं उभी राहिले आणि त्याचा डावा डोळा माझ्या तळव्यानं झाकला. त्यानं उठायचा प्रयत्न केला नाही. कधीतरी हे होणार हे त्याला ठाऊक असावं.

"आता सांगा."

"पत्रा. वाकड्या पात्याचा पंखा."

"आन?"

"कोनतरी वाकलंय वरनं."

"कोन?"

माझ्या तळव्याखाली त्याचा डावा डोळा फडफडत होता. मी वाकून बघितलं. उजवा सताड उघडा होता, पापणीसुद्धा लवत नव्हती.

"मीच हाय," तो म्हणाला.

"काय करताय तुमी?"

"नळी सोडवतोय."

"ती देतीया?"

त्यानं मान फिरवायला बघितली, मी ती सरळ धरली.

"पूजी देतीया का नळी?"

"हात दिसत्यात," तो म्हणाला. "काळं घड्याळ हाय. दोनी हातांनी माजं मनगाट धरलंय. सोडंना."

मी तळवा काढला.

कुंकू म्हणे! पूजी असलं बोलणारी पोरगीच नव्हती. त्या शब्दाचं तिला हसू यायचं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण ते वाक्य इतकं गोड होतं की मी ते गिळलं. माझ्या बहिणीला त्यानं मारलं, आणि वर तिच्याच तोंडी शब्द घालून माझ्याकडून गरम भाकऱ्या खाल्ल्या. सांगणार तरी कुणाला? डोळ्यात जिलबी दिसली म्हणून?

त्याच दिवशी मी रहिमतपूरला माहेरी गेले. आईला अजून काही बोललेले नाही. आता तिथून रेल्वेनं सांगलीला येते.

पुढच्या तारखेला तो दवाखान्यात आला. सरांनी फोटो सांगितला होता, आणि काम ते काम. मी थेंब टाकले.

"हनुवटी इथं टेका. हलायचं नाही."

उजवा डोळा काढला. जिलबी जागच्या जागी.

डावा काढला.

त्यातल्या सरळ शिरा वळल्या होत्या. वरची एक खाली उतरत आली होती आणि दुसरीवरून आडवी गेली होती. कात्री.

माझा जुना फोटो उघडून शेजारी लावायची गरज नव्हती.

पूजाची जिलबी त्याच्या डोळ्यात उमटली ती पूजा गेल्यावर, आणि मी तर अजून जिवंत होते. मशीनच्या पलीकडं तो तसाच बसून होता, उजवा डोळा घट्ट मिटून. डाव्यानं माझ्याकडं बघत होता.

"डाव्यानं काय दिसतंय?" मी विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला.

मग हनुवटी तिथंच टेकवून, अगदी मायेनं, त्यानं विचारलं, "संयू, घरी कवा येतीस?"