दोन दिवसांची वाट

"ताई, येतोय मी. तिकीट तूच काढ, तुझ्याइतकं कुणाला कळतं?" धाकटा फोनवर म्हणाला, आणि आई गेल्यापासून वर्षभर ताईच्या अंतःकरणात धुमसणारा निखारा एकदम फुलला... सूड आपल्या पायांनी चालत दारात आला होता!

आता बघा, साऱ्या जगाला विमानात बसवणारी ही बाई स्वतः कधी विमानाची शिडीही चढली नव्हती. हवाई सुंदरीच्या नोकरीचं बोलावणं आलं त्याच आठवड्यात आईने अंथरूण धरलं. ताईने ते बोलावणं चुलीत घातलं, तिकिटांच्या कचेरीत खुर्ची धरली, धाकट्याला शिकवून सातासमुद्रापार धाडलं, आणि लग्नाचा विषय निघाला की 'आधी आईचं औषध' म्हणत केस पांढरे केले. आणि त्याने काय पांग फेडले? आईची घटका भरत आली तेव्हा म्हणाला, लांब आहे गं, यायला दोन दिवस लागतात, वेळेत पोचणार नाही. हे कुणाला सांगतो? थेट विमान चौदा तासांत इथे टेकतं, हे झोपेतही सांगणाऱ्या ताईला!

"लागतात ना दोन दिवस? लागू देत," असं पुटपुटत तिने तिकीट काढलं. असं तिकीट, की कावळ्यालाही वाट विचारावी लागेल! आधी उलट्या दिशेला, बर्फात. मग वाळवंटात. मग एका बेटावर, जिथे विमान उतरण्याआधी म्हणे धावपट्टीवरच्या बकऱ्या हाकलाव्या लागतात. प्रत्येक विमानात मधली सीट, तीही संडासाशेजारची. कुठल्या वैऱ्याचं तिकीट हे, असं कचेरीत कुणीतरी विचारलं. सख्ख्या भावाचं, म्हणाली.

दारात येऊन उभं राहिलं ते पिळून टाकलेलं फडकं होतं. पाय सुजलेले, डोळे खोल गेलेले. तो भांडेल म्हणून ताईने जीभ परजून ठेवलेली.

"थेट विमान असतं, ठाऊक आहे मला," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

"मग हे का घेतलंस?"

"तू दिलंस म्हणून. तेव्हा खोटं बोललो, ताई. तिला जाताना बघायची छाती नव्हती."

ताईची परजलेली जीभ टाळूला चिकटली... मग हळूहळू सुटली.

"ही वाट मी आत्ता नाही आखली. आई सारखी विचारायची, कुठवर आला? निघालाच नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, बर्फात उतरलाय. मग वाळवंटात. तिचा जीव जाईना, मी तुझी विमानं बदलत राहिले. बकऱ्यांचं ऐकून हसलीसुद्धा."

"होती, ताई. एक बकरी होती."

त्याने हातातली बॅग उंबऱ्याशी टेकवली.

"आणि शेवटी? पोचलो का मी?"

"उतरला होतास. सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत होतास... तेवढ्यात तिने डोळे मिटले."

धाकटा खाली वाकला. बॅग उचलून आत गेला, आईच्या रिकाम्या खाटेशी ती ठेवली आणि गुडघे टेकले.

"बॅग मिळाली गं, आई."

ताई किती वेळ भिंतीला धरून रडत होती कुणास ठाऊक! त्याचं परतीचं तिकीटही तिने त्याच वाटेचं काढलेलं होतं. डोळे पुसून उठली आणि ते रद्द केलं. थेट विमानाच्या दोन जागा घेतल्या. खिडकी स्वतःला.

त्याला मात्र मधलीच दिली.