पार्टिशनमागचे भुरके

त्या दिवशी दुपारी मी गरम पाण्याचे दोन थर्मास भरायला निघाले होते, एवढंच. सकाळपासून धुकं उठलं नव्हतं. लाउंजच्या काचेबाहेर विमानांच्या नुसत्या शेपट्या दिसत होत्या, खालचं सगळं पांढऱ्यात बुडालेलं. एकही विमान सुटत नव्हतं, त्यामुळे आत खुर्ची रिकामी नव्हती. माणसं बूट काढून झोपली होती, मुलं गालिच्यावर लोळत होती, आणि प्रत्येकाला काहीतरी फुकट हवं होतं. लाउंजमध्ये फुकट मिळणाऱ्या वस्तूंपैकी एक मी. तीन वाजता, सहा प्रवासी, सहा चहा.

आमची कंपनी चहा विकते. लाउंजच्या कोपऱ्यात तिचं काउंटर आहे. तिथे आम्ही प्रवाशांना सहा प्रकारचे चहा चाखायला देतो आणि टेस्टर लोक चहा कसा घेतात तेही शिकवतो. चमच्यात चहा घ्यायचा आणि हवेसकट जोरात ओढायचा. भुरका. जितका मोठा आवाज, तितकी चव नाकापर्यंत चढते. मग थुंकायचं. भुरका मारताना प्रवासी खूप हसतात. थुंकणं मात्र कोणाला बघवत नाही, म्हणून काउंटरच्या मागे लाकडी पार्टिशन घालून एक लहानशी खोली केली होती. आमच्या खऱ्या टेस्टर तिथे बसायच्या. काकू.

काकूंनी सव्वीस वर्षं चहा चाखला. "घरी असा आवाज केला असता तर सासूबाईंनी पानावरून उठवलं असतं," त्या म्हणायच्या, "इथे त्यालाच हुशारी म्हणतात." प्रत्येक सत्राआधी त्या सहाही चहा स्वतः चाखून बघायच्या. त्या वेळी आत कोणी जायचं नाही, हा नियम. अंगावरच्या अत्तराने, बोलण्याने, कशानेही चव बिघडते. दार लोटलेलं, आतून भुरके ऐकू येतायत, आणि बाहेर मी कप मांडतेय, असं रोजचं चालायचं. भुरके थांबले की मी ट्रे घेऊन आत जायचे. मला त्या कॉलेजकन्या म्हणायच्या, कारण मी रसायनशास्त्र शिकून आले होते आणि पहिल्याच दिवशी त्यांना टॅनिनवर व्याख्यान दिलं होतं. "सांग बाई," त्या म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं मी तोंडात काय घेत होते, ते कळू दे तरी."

आता पुढचं शांतपणे सांगता येत नाही. प्रयत्न करते.

धुक्याच्या त्या दिवसाच्या एकोणीस दिवस आधी एका विमान कंपनीची सहा माणसं आली होती. आमचा चहा त्यांच्या विमानांत द्यायचा की नाही, हे ती ठरवणार होती. आमचे मॅनेजर साहेब सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरत होते. पावणेतीनला ते काकूंना काही सांगायला आत गेले आणि लगेच बाहेर आले. दार हलकेच ओढून घेतलं. मला म्हणाले, "टेस्टिंग चालू आहे. आत जाऊ नकोस." त्यांच्या पँटचा एक गुडघा ओला होता. तो मी पाहिला. काहीतरी सांडलं असेल, असं वाटलं.

आतून भुरके येत होते. लांब, ओढलेले. एक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. आज काकू अगदी मन लावून चाखतायत, असं माझ्या मनात आलं. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "तुमच्या टेस्टर फारच मेहनती दिसतात." साहेब हसले. मीही हसले. अकरा मिनिटं मी तो आवाज ऐकला, कप पुसत. तो थांबला तेव्हा सवयीने ट्रे उचलला. साहेब म्हणाले, "आतला चहा राहू दे. इथेच नवीन कर."

पाहुणे गेल्यावर साहेबांनी डॉक्टरांना फोन केला.

काकू जमिनीवर पडल्या होत्या. किटली आडवी, पाणी फरशीभर. सहाही भांड्यांत पत्ती कोरडी होती. काकूंनी त्या दिवशी चहा चाखलाच नव्हता. मी ऐकत होते तो त्यांचा श्वास होता. आणि ओल्या फरशीवर त्यांच्याशेजारी गुडघा टेकून, त्यांचा चेहरा पाहून, एक माणूस उठून बाहेर आला होता आणि त्याने दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या लेकीचा फोन आला. "ताई, आईला त्रास झाला का?"

"नाही गं," मी म्हणाले. "लगेच गेल्या."

"तेवढंच बरं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

दयेपोटी खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मी घाबरले होते. कॉलेजात प्रत्येक मोर्चाच्या पुढे घोषणा देत चालायचे, ती मी.

चौथ्या दिवशी काउंटर पुन्हा सुरू झालं. आतली खोली बंद. सत्रात सहा प्रवासी भुरके मारायचे आणि मला सात ऐकू यायचे. सहा एकदम, हसत हसत. सातवा जरा मागून, लांब. मी कोणाजवळ बोलले नाही. मन खात असलं की माणसाला काहीही ऐकू येतं, अशी माझी समजूत होती.

तर धुक्याच्या त्या दुपारी थर्मास भरून परत आले तेव्हा साहेब काउंटरपाशी कागद घेऊन उभे होते.

"वाच आणि सही कर. चौकशी लागलीय उगाच. पाचच्या विमानाने मला हेड ऑफिसला जायचंय."

"धुकं आहे. विमान सुटणार नाही."

"तू कधीपासून हवामान खात्यात?"

कागदावर माझ्या नावाने लिहिलेलं होतं, की बाई आत गेल्यावर कसलाही आवाज आला नाही आणि सत्र संपल्यावर त्या मृत आढळल्या.

"आवाज येत होता, साहेब."

"टेस्टिंगचा."

"पत्ती कोरडी होती."

साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघ. त्यांच्या मुलीला लगेच गेल्या म्हणून कोणी सांगितलं? तूच ना? मग आता कशाला तिच्या जखमेवर मीठ चोळतेस? पुढारीपण कॉलेजात शोभत होतं."

माझंच खोटं त्यांनी घडी घालून माझ्या हातात ठेवलं होतं. आणि बघा, मी अजूनही त्यांना अहोजाहो करतेय. सवय जात नाही.

"सत्र झालं की बघते," मी म्हणाले. साहेब तिथेच काउंटरला टेकून उभे राहिले.

सहा जण बसले. त्यांत एक आजोबा होते, नात हाताशी घेऊन निघालेले, सकाळपासून ताटकळलेले. मी पत्ती दाखवली, पाणी ओतलं, भांड्यांवर झाकणं ठेवली. पाच मिनिटांनी चहा वाट्यांत काढला, चमचे वाटले आणि म्हणाले, "लाजू नका. जोरात ओढा."

सहा भुरके झाले. नात खिदळली. आणि मग पार्टिशनमागून...

मी नेहमीसारखी मान खाली घातली. पण आजोबांनी चमचा खाली ठेवला होता.

"तुमच्या आतल्या बाईंना जरा थांबायला सांगा," ते म्हणाले. "त्यांना दम लागलाय."

बाकीचे पाचही जण पार्टिशनकडे बघत होते. पुन्हा आवाज आला... आणि विरला. पुढचा यायला इतका वेळ लागला, की आम्ही सगळे आपापला श्वास धरून बसलो होतो.

"काही नाही," साहेब पटकन म्हणाले. "आत टेस्टिंग चालू आहे."

तेच शब्द. तोच स्वर. मी त्यांच्याकडे वळले.

"कोण करतंय, साहेब?"

"हं?"

"टेस्टिंग. आत कोण आहे?"

त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनाही ऐकू येत होतं. बहुतेक एकोणीस दिवस येत होतं. माझ्या डोक्यात तिडीक उठली. भीती त्या तिडिकीच्या मागे कुठेतरी राहून गेली. मी ड्रॉवरमधून किल्ली काढली.

"आत जाऊ नकोस," साहेब म्हणाले. या वेळी हळू.

"तुम्हीपण चला ना. बघू कोण आहे."

ते आले नाहीत.

मी दार उघडून दिवा लावला. खोलीत कोणी नव्हतं. टेबल पुसलेलं, वाट्या एकात एक घातलेल्या, खुर्ची आत सरकवलेली. भिजलेल्या पत्तीचा वास मात्र दाटून राहिला होता, ताजा, कोमट. आणि आवाज... आवाज खुर्चीच्या उंचीवरून येत नव्हता. खालून येत होता. माझ्या घोट्यांजवळून.

मी फरशीवर बसले. जिथून आवाज येत होता तिथे हात ठेवला. फरशी गार होती. तरी तळहाताला दर वेळी काहीतरी लागायचं, भरून वर येणारं... मग खाली बसणारं...

"काकू," मी म्हणाले. "मी आहे."

दार सताड उघडं होतं. लाउंजमधले लोक बघत होते. कोणी व्हिडिओ काढायला फोन उचलला नाही, कोणी जागचं हललं नाही. नातीला मात्र आजोबांनी मांडीवर घेतलं होतं. मी तशीच बसून राहिले. बरोबर अकरा मिनिटं. शेवटचा फार लांब होता. त्यानंतर फक्त एसीची घरघर.

बाहेर धुकं फाटत होतं. साहेबांच्या विमानाची घोषणा झाली आणि ते मागे न बघता निघून गेले. त्यांचा कागद मी उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं. ओला गुडघा, कोरडी पत्ती, अकरा मिनिटं, आणि मी कप पुसत होते तेही. सही केली. त्याच संध्याकाळी तो चौकशी अधिकाऱ्यांना पाठवला आणि मग काकूंच्या लेकीला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू ऐकत होतीस."

"हो."

"आणि तू मला सांगितलंस, लगेच गेली."

"हो."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने माझा फोन घेतलेला नाही. तिचं बरोबर आहे.

चौकशी अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात साक्षीदार म्हणून मला साहेबांच्या जबानीची प्रत वाचायला दिली. हेड ऑफिसच्या बंद खोलीत ती रेकॉर्ड केली होती, आत फक्त साहेब आणि अधिकारी. टायपिस्ट बाईंनी ऐकलं तसं इमानदारीने उतरवलंय. पहिल्या पानापासून साहेबांच्या जवळपास प्रत्येक वाक्यापुढे कंसात लिहिलंय, चहा पिण्याचा आवाज. मी अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, त्या खोलीत त्यांनी पाणीसुद्धा मागवलं नव्हतं.

चौथ्या पानाच्या तळाशी असं आहे.

साहेब: आतून कसलाही आवाज आला नाही.
(चहा पिण्याचा आवाज)
साहेब: तिला उठवा.
अधिकारी: कोणाला?
साहेब: टेबलाखाली आहे. माझा पाय धरलाय.

पाचवं आणि सहावं पान कोरं आहे. टायपिस्ट बाईंना मी जाऊन भेटले. त्या माझ्याशी नीट बोलल्या, बसायला खुर्ची दिली. पुढचं रेकॉर्डिंग शाबूत आहे म्हणाल्या, आवाजही स्पष्ट आहे.

"मग टाइप का नाही केलं?"

त्यांनी कानावरचे हेडफोन काढून माझ्यासमोर सरकवले.

"तुम्ही ओळखत होतात ना त्या बाईंना," त्या म्हणाल्या. "मग तुम्हीच ऐका. मला हे लिहायला सांगू नका."