दोन छटांची फरशी

"सारवलं बाई घर, ओल सुकू दे वं थोडी…
दारी कोन उभं, त्याले बसू दे वं घडी…"

रुपीबाईचा आवाज होता तो. मी परकरात होते तेव्हाचा. गावातल्या आमच्या घराची भुई सारवायला ती यायची, आणि तिच्या हाताच्या अर्धगोलासोबत तिचा आवाजही फिरत जायचा… भिंतीकडून दाराकडे, दारातून अंगणाकडे. भुई वाळेपर्यंत आत पाय ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. बाबासुद्धा शेतातून यायचे आणि मुकाट ओट्यावर बसून राहायचे.

ते गाव मागे राहिलं. आता वणीत, चंद्रपूर रोडला आमचं टाइल्सचं दुकान आहे. बाबांना सगळे नानाजी म्हणतात. त्यांचे गुडघे धरले तसं दुकान माझ्याकडे आलं. इथे सारवणाचा वास नाही, शेणाचे हात नाहीत. पण भादव्यातल्या एका झिमझिम दुपारी दुकानाच्या दारात एक माणूस चपला हातात घेऊन उभा राहिला, आणि का कोण जाणे, इतक्या वर्षांनी तोच आवाज कानात घुमला.

त्याच्या खांद्यावर एक झोपलेलं पोरगं होतं. पँटीला धरून उभी एक मुलगी. तिघंही भिजलेले.

"या ना आत," मी म्हटलं.

"पाय काळे हायेत मॅडम. सरळ खाणीतून येऊन राह्यलो. तुमची फरशी खराब होईन."

"फरशीच्या दुकानात फरशीची काळजी तुम्ही नका करू. बसा भा—"

आणि मी अडकले. दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी 'भाऊ' म्हणते. म्हाताऱ्यांना, मिस्त्र्यांना, टेम्पोवाल्याला. तोंडात बसलेला शब्द. त्या दिवशी मात्र तो ओठांपर्यंत आला आणि परत गेला. मी घाईघाईने टॉवेल पुढे केला. त्याने आधी मुलीचं डोकं पुसलं, मग पोराचे पाय. स्वतःसाठी कोरडा कोपराच उरला नाही.

"कोणत्या खोलीसाठी पाहिजे?"

"आख्ख्या घरासाठी. घर झालं बांधून, खालचंच तेवढं राह्यलं."

"लोक खालचं आधी ठरवतात."

"माझं सगळं उलटंच असते," तो हसून म्हणाला. हसताना त्याच्या डोळ्यांभोवती कोळशाची बारीक रेघ दिसली… काजळ घातल्यासारखी. मी उगाच कॅटलॉग उघडला.

संघदीप त्याचं नाव. खाणीत डंपर चालवायचा. मुलगी खुशी, पहिलीतली. खांद्यावरचा अंकुर, तीन वर्षांचा.

"हा पडते लय," त्याने पोराची हनुवटी वर करून जुनी खूण दाखवली. "भाड्याच्या घरात चकचकीत फरशी हाय. पाणी सांडलं का घसरगुंडी. मले अशी पाह्यजे, का पोरगं पळलं तरी माझा जीव जाग्यावर राहीन."

"अन् मले खडूनं लिवता आलं पाह्यजे," खुशी म्हणाली.

मी वाळूच्या रंगाची एक खरबरीत टाइल काढून तिच्यासमोर ठेवली आणि माप आखायचा खडू तिच्या हातात दिला. ती तिथेच मांडी घालून बसली. चित्र काढू लागली… घर, झाड, झाडापेक्षा मोठी कोंबडी.

"घरात अजून कोण कोण?" मी विचारलं. फरशी विकताना विचारावंच लागतं.

"माय हाय माझी. अन् हे दोघं. यांची आई…" तो खुशीच्या कोंबडीकडे बघत राहिला. "सुजाता. दोन वर्षं झाली तिले जाऊन."

खुशीचा खडू मोडला होता, तिला दुसरा दिला.

जाताना तो ती टाइल नमुना म्हणून घेऊन गेला. आमच्याकडे पद्धतच आहे. नमुना घरी न्यायचा, उजेडात ठेवायचा, सगळ्यांना विचारायचं.

दुसऱ्या रविवारी तो नमुना घेऊन परत.

"काय झालं? आवडली नाही?"

"अंकुरची गाडी पळत नाही हिच्यावर."

मी गुळगुळीत दिली. पुढच्या रविवारी तीही परत आली. "गोट्या थांबतच नाहीत, खुशी म्हणते." मग करड्या रंगाची दिली. "लय थंडी लागते हो. माय खाली बसते बुद्धवंदनेले, तिचे गुडघे…" मग शहाबादी. मग कोटा. मग प्लास्टिकच्या गुंडाळीची, लाकडासारखी दिसणारी. प्रत्येकीत काही ना काही खोट. कधी तो एकटा यायचा, कधी पोरांना घेऊन.

"हा माणूस फरशी न्यायले येते का वापस करायले?" बाबांनी चष्म्यावरून विचारलं.

"पोरांचं घर आहे, बाबा. विचार करावा लागतो."

"हो ना. विचार दिसूनच राह्यला," ते म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

मी रविवारी ठेवणीतली ओढणी घेऊ लागले होते. माझं मलाच कळलं नव्हतं, बाबांना कळलं होतं.

"एक विचारू?" एकदा तो म्हणाला. बाहेर पाऊस आणि आत आम्ही दोघं, मधे पाच रंगांचे पाच तुकडे.

"विचारा."

"तुम्ही सगळ्यांले भाऊ म्हणता. आता त्या टेम्पोवाल्याले म्हटलं, त्या आजोबाले म्हटलं. मलेच काहून नाही म्हणत?"

मी टाइलवरची नसलेली धूळ पुसली. "तुम्ही अजून काही विकत कुठे घेतलं? गिऱ्हाईक झालात की म्हणेन."

"मंग मले घाई नाही," तो म्हणाला… आणि तो तुकडा उचलून, डोकं खाली घालून, पावसात चालता झाला. छत्री दुकानातच राहिली. ती न्यायला तो दुसऱ्या दिवशी आला. येताना ऊन होतं.

एका रविवारी त्याची आईच सोबत आली. तानाबाई. पांढरं लुगडं, ताठ पाठ, नजर धारदार.

"मले अशी पाह्यजे पोरी, का पाहुण्यानं वाकलं तर त्याचं तोंड दिसलं पाह्यजे."

"काकू, वणीत तोंड दिसायच्या आधी काजळी दिसते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग लेकाकडे. मग पुन्हा माझ्याकडे… आणि खो खो हसली. "खरं बोलते वं ही. दे मंग तुले वाटन ते."

त्या दिवशी संघदीपने फरशी ठरवली. पहिलीच. वाळूच्या रंगाची, खरबरीत, जिच्यावर खुशीने कोंबडी काढली होती ती.

"हिच्यावर तर गाडी पळत नव्हती ना?" मी विचारलं.

"पळते आता. पोरगं शिकलं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

पाऊस थांबला, दसरा झाला, शेतांत कापूस फुटला. आणि एका सकाळी तानाबाई एकटीच दुकानात आली. टाइल्सच्या खोक्यांवर बसली. चहा घेतला. बाबांकडे वळून म्हणाली, "नानाजी, आडवळणानं बोलायची मले सवय नाही. तुमची पोरगी समजदार हाय. माझी नातवं तिच्यावर जीव टाकतात. ती घरात आली त पोरांले माय भेटन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या छातीत ढोल वाजत होता. सकाळ एकदम उजळली होती. मी हळूच विचारलं, "काकू… ते काय म्हणतात?"

"संघदीप? तो म्हणते, पोरांचं भलं होईन तसं करा."

ढोल थांबला.

कसं सांगू? समजदार… हा शब्द मी जन्मभर ऐकत आले. आई गेली तेव्हा धाकट्या भावाला सांभाळलं, समजदार. तो पुण्याला शिकायला गेला, मी दुकानात बसले, समजदार. बाबांच्या गुडघ्यांसाठी, घराच्या हप्त्यांसाठी, सगळ्यांच्या कामाची मी. तिशी कधी आली, कळलं नाही. पोरांवर माझा जीव नव्हता असं नाही. खुशीच्या शेंड्या बांधताना माझी बोटं हळवी व्हायची. पण एकदा… एकदाच कोणीतरी मला कुठल्या कामासाठी नाही, उगाच, नुसतं मागावं, असं वाटत होतं. आणि ते कोणीतरी तोच असावा, असंही.

"मला नाही जमणार, काकू," मी म्हटलं.

तानाबाई रागावली नाही. उठताना माझ्या गालावर हात ठेवला. "पोरी, म्या काही उणं बोलली का?"

"नाही. तुम्ही नाही."

फरशी टेम्पोने गेली. रविवारी तो आला नाही. त्याच्यानंतरचा रविवारही तसाच गेला. मी साधी ओढणी घेतली आणि सगळ्यांना भाऊ म्हटलं.

मग संघदीपकडे फरशी लावणाऱ्या गोविंदा मिस्त्रीचा फोन आला. "ताई, माल मिसळ लागला. बैठकीत दोन छटा दिसून राह्यल्या. अर्धी फरशी उजळ, अर्धी काळपट. घरमालक म्हणते, दुकानवालीले बोलावा."

दोन छटा म्हणजे दुकानाची नाचक्की. वेगवेगळ्या भट्टीचा माल एका खोलीत गेला, तर लागलेली फरशी उखडावी लागते. बाबांच्याने स्कूटीवर बसवत नव्हतं, जाणं मलाच भाग होतं. स्कूटीवर सगळा रस्ता मी मनात बोलणं जुळवत गेले. माल बदलून देऊ. दोन दिवसांत देऊ. बाकी काही बोलायचं नाही.

घर खाणीच्या रस्त्याला लागून होतं. बाहेरून कोळशाचे ट्रक धडधडत जात होते. अंकुर दारातच मला बिलगला. तानाबाई आत स्वयंपाकात होती. गोविंदा जेवायला गेलेला. आणि बैठकीत, भिंतीला टेकून, संघदीप उभा.

"पाहा," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

खरंच, खोलीच्या मधोमध रेघ आखल्यासारखं होतं. खिडकीकडची अर्धी बाजू काळवंडलेली, भिंतीकडची वाळूसारखी स्वच्छ. मी वाकले. बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"एक ओलं फडकं द्या."

त्याने दिलं. मी खिडकीखालची एक टाइल पुसली. खालून तोच वाळूचा रंग वर आला. शेजारची पुसली. तोच. काल लावलेली बाजू रात्रभर उघड्या खिडकीखाली होती, ट्रकांची धूळ सगळी तिच्यावर बसलेली. आज लावलेली कोरी होती. छटा एकच.

मी गुडघ्यांवर बसूनच मान वर केली. "ही कोळशाची धूळ आहे."

"हो."

"तुम्ही रोज खाणीत असता. तुम्हाला ओळखू आली नाही?"

"आली. सकाळीच आली."

"मग मिस्त्रीला फोन करायले कायले लावलं?"

माझी दुकानातली भाषा कुठे गेली, मला कळलं नाही. तो खिडकी लावायला वळला. खुशी मात्र शेजारच्या खोलीतून खडू घेऊन आली, स्वच्छ बाजूवर फतकल मारून बसली आणि चित्र काढता काढता म्हणाली, "पप्पा असंच करते. मले पयलीच फरशी आवडली होती. म्या सांगतलं बी. तरी पप्पा दर रविवारी दुसरीच आणे."

"खुशी, आजीले भाजी निवडू लाग," तो म्हणाला.

"निवडली भाजी," आतून तानाबाईचा आवाज आला. मग थोड्या वेळाने, "ये वं खुशी. अंकुर, तू बी ये. खोबरं देते."

दोघं पळाली. अंकुर पडला नाही.

संघदीप माझ्यासमोर खाली बसला, त्या धुळीतच. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

"साधना…" आजवर मॅडम होतं. "मायनं तुम्हाले काय सांगतलं, मले माहीत हाय. पोरांचं भलं… ते मीच बोललो होतो."

"ऐकलं मी."

"खोटं होतं ते. म्हणजे… अर्धं खोटं. स्वतःसाठी मागायची लाज वाटली मले. सुजाता गेली, तिची पोरं माझ्या पदरात, अन् मी दुकानात जाऊन हसून येतो. घरी येऊन रविवार कधी येते ते पाह्यतो. हे कोणत्या तोंडानं सांगू? पोरांच्या नावानं मागितलं त कोणी बोट दाखवत नाही."

"मी दाखवलं."

"बरं केलं." ट्रक गेला, खिडकी थरथरली, तो थांबला… आणि मग पुन्हा सुरुवात केली, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी. "पोरांचं मी करतो. वेणी घालता येते मले. डबा करता येते. मायही हाय. पोरं मोठी होतीन, एक दिवस आपापल्या घरी जातीन. मंग या फरशीवर पळायले कोणी राहणार नाही. तेव्हा बी… तेव्हा त जास्तच… मले तुम्ही पाह्यजे. पोरांसाठी नाही. माझ्यासाठी. कामाधामासाठी नाही. तुम्ही नुसत्या समोर बसल्या, असं फडकं हातात घेऊन, तरी चालन."

माझ्या हातातलं फडकं काळं झालं होतं. डोळे पुसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी ते पुसलेच नाहीत. इतके रविवार जिभेखाली धरून ठेवलेलं वर आलं, आणि या खेपेला मी ते परत पाठवलं नाही.

"मले बी तुम्ही पाह्यजे," मी म्हटलं. "अन् कशासाठी, ते मले सांगताच येत नाही."