तीन पिल्लांचं वजन

फेब्रुवारीत डिंगोऱ्याजवळ हायवेवर गाडीच्या धडकेनं बिबट्याची मादी मेली. शवविच्छेदन माझ्यासमोर झालं. सडांत दूध होतं. दुसऱ्या दिवशी तिथून जवळच, द्रौपदाबाईंच्या उसाची तोडणी चालू असताना तीन पिल्लं सापडली. महिन्याभराची, डोळे अजून निळसर.

बावीस वर्षं मी जुन्नर-आंबेगावात बिबट्यांच्या वागण्याचा अभ्यास करते आहे. उसात सापडलेली पिल्लं आम्ही संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतो, आई येऊन घेऊन जाते. सत्तरएक पिल्लं मी अशी परत पाठवली असतील. या तिघांसाठीही दोन संध्याकाळी थांबलो, केवळ नियम म्हणून. येणार कोण होतं? आईविना वाढलेलं पिल्लू पुढं रानात सोडता येत नाही. जन्मभर पिंजरा. ते कागद मलाच भरायचे होते.

बिबट निवारा केंद्रावर तिथले राखणदार भगवंतभाऊ त्यांना बाटलीनं बकरीचं दूध पाजायला बसले. पिल्लं तोंड फिरवायची.

"तीन दिस झालं मॅडम, थेंब गेला न्हाई पोटात."

मी वजनं केली. आणलं तेव्हा सर्वांत लहान पिल्लू नऊशे ऐंशी ग्रॅमचं होतं. आता अकराशे तीस. बाकीची दोघंही तेवढीच वाढलेली. काट्यावर एक किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. दुसरा काटा आणला. आकडे तेच.

भगवंतभाऊ गुपचूप पाजत असतील असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तरी मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बाहेर काचेपाशी वही घेऊन बसले.

रात्री पावणेबाराला झोपलेली पिल्लं एकदम उठली. कान दाराकडे. मग तिघांच्या माना एकदमच, सावकाश, दारापासून कोपऱ्याकडे वळत गेल्या. चालत जाणाऱ्याकडे बघावं तशा. कोपऱ्यातली फरशी रिकामी होती. पिल्लं तिथं जाऊन शेजारी-शेजारी पडली. पुढचे पंजे आळीपाळीनं दाबू लागली, दूध उतरावं म्हणून दाबतात तसे. गळे हलत होते. मी गिळण्याचे घोट मोजायला घेतले आणि सोडून दिले.

लहान्याच्या हनुवटीवरून एक पांढरा थेंब खाली पडला.

कुलूप काढून मी आत गेले. उसाच्या पाचटाचा ओला वास. कोपऱ्यातल्या फरशीवर तळवा टेकला. ऊब होती.

मागोमाग आलेले भगवंतभाऊ उंबऱ्याबाहेरच थांबले. "मॅडम, तिची तिला घिऊन जाऊ द्या."

"कुणाला, भाऊ? ती मेलीय. मी बघितलंय."

"म्या बी बघितलंय. तिला जाळायची लाकडं म्याच रचली व्हती."

पिल्लांना न्यायला प्राणिसंग्रहालयाची गाडी परवा येणार होती. सकाळी मी त्यांना फोन करून नको म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी क्रेट घेऊन आम्ही डिंगोऱ्याला गेलो. द्रौपदाबाईंनी उसाचा एक पट्टा तसाच उभा ठेवला होता.

"बाया आत शिरंनात," त्या म्हणाल्या. "पाचट वाजतंय म्हंत्यात. वारं नसताना."

क्रेट बांधावर ठेवून आम्ही मागं गाडीपाशी थांबलो. अजून उजेड होता.

दोन पिल्लं बाहेर आली. माना वर करून, आपल्यापेक्षा उंच कशाकडे तरी बघत, ती उसात शिरली.

लहानगं क्रेटपाशीच बसून ओरडत राहिलं.

मग गप्प झालं.

त्याच्या मानेची कातडी वर गोळा झाली. चारही पाय आणि शेपूट पोटाशी दुमडली. पिल्लू जमिनीपासून हातभर वर उचललं गेलं.

झुलत झुलत, एकेका पावलाच्या लयीत, ते उसाकडे निघालं.

द्रौपदाबाईंनी माझं मनगट धरलं.

उसाच्या कडेला ते थांबलं. डोळे मिटलेलं पिल्लू, हवेत लोंबकळत, सावकाश आमच्याकडे वळलं आणि बराच वेळ तसंच राहिलं.